बिसरामने दाखवलेली जागा

गोडीगुलाबीने गळा कापावा तो शिकलेल्याने. दांडगा माणूस लुटतो तेव्हा निदान बोंब मारायची तरी सोय असते. बिसराम उईकेला तीही मिळाली नाही.

बिसराम सालेकशाच्या डोंगरातल्या एका टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, गोंड. थोडा धान, हंगामात मोह नि तेंदूची पानं, एवढ्यावर त्याचं आणि बायकोचं, रुख्माचं, भागायचं. त्याला मराठी चांगली यायची. म्हणून चोपन्न साली केशोराव नावाचे प्राध्यापक डोंगरातल्या लोकांच्या चालीरीतींवर संशोधन करायला आले, तेव्हा टोल्याने त्यांना बिसरामच्याच गळ्यात बांधलं.

केशोराव कष्टाळू होते, त्यात खोट काढता यायची नाही. बिसरामच्या पडवीत झोपायचे, कोदोचा भात मिटक्या मारत खायचे. रुख्माला हिवताप भरला तेव्हा स्वतः सालेकशापर्यंत चालत जाऊन गोळ्या घेऊन आले. लग्न कसं लागतं, मेलेल्याचा दगड कुठे उभा करतात, सगळं खोदून खोदून विचारायचे आणि लिहायचे.

कुळाचा देव मात्र टोला परक्याला दाखवत नसे. खरी जागा कुळातल्या जाणत्या पुरुषांनाच ठाऊक. पटवारी येवो की जंगलखात्याचा शिपाई, विचारणाऱ्याला वेशीजवळचं ऐनाचं झाड देव म्हणून दाखवायचं आणि वाटेला लावायचं, अशी वडिलोपार्जित रीत. केशोरावांनाही ते झाडच दाखवलं. त्यांनी फितीने त्याचा घेर मोजला, नकाशा काढला, चार दिवस तिथेच बसून पानंच्या पानं लिहिली. शेजारी बसलेल्या बिसरामला त्याचं मन खाऊ लागलं. आपल्या रुख्मासाठी पायपीट केलेला हा भला माणूस, आणि आपण त्याला खोट्यामागे राबवतोय!

पाचव्या दिवशी त्याला राहवेना. "सायेब, कायले एवढी मेहनत करून राह्यले? देव तठी नाही."

तो त्यांना वर डोंगरात घेऊन गेला. वाटेत बजावलं, "पाहून घ्या. पन लिहाचं नाही, कोनाले बोलाचं नाही." केशोरावांनी वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली. "बिसरामभाऊ, तुम्ही मला सख्ख्या भावासारखे. हे माझ्याबरोबर चितेवर जाईल."

चार वर्षांनी टोल्याच्या शाळेत टपालाने केशोरावांचं पुस्तक आलं. परगावाहून आलेल्या मुन्नालाल गुरुजींना कोण आनंद! त्यांनी अख्खा टोला आंब्याखाली गोळा केला. "अरे बिसराम, तेरा नाम छपा है!" बिसराम धुतलेलं पागोटं बांधून सगळ्यांच्या पुढे बसला. शेजारी त्याचे काका कवडू, कुळाचे भुमका. देवाची पूजा त्यांच्याकडे. गुरुजी ठसक्यात वाचू लागले: "श्री. बिसराम उईके यांनी कुळदेवतेचे गुप्त स्थान स्वतः दाखवले नसते, तर हा ग्रंथ अपुरा राहिला असता. नाल्याच्या उगमाकडील त्या कपारीचा नकाशा सोबत जोडला आहे."

गुरुजींनी हसत मान वर केली. सगळे बिसरामकडे बघत होते. त्या बिचाऱ्याला आपण काय वाचलं ते कळलंच नाही.

कवडूकाकांनी विचारलं, "बिसराम, हे खरं हाये का?"

छापणाराच लबाड आहे म्हणून हात झटकता आले असते. पण आधीच एक शब्द मोडला होता, दुसरं पाप त्याच्याने होईना. "हो काका. त्यानं मातीची आन घेतली होती."

"माती आपली होती रे," काका म्हणाले. "त्याचं काय जात होतं?"

बिसरामने गुरुजींकडून पत्र लिहवून घेतलं: तुम्ही शब्द दिला होता, तो कायले मोडला? महिन्याने उत्तर आलं, गुळगुळीत कागदावर. "भाऊ, शास्त्रापुढे एका माणसाचे वचन लहान असते. मी तर तुमचे नाव अमर केले. आणखी एक प्रत पाठवतो." आग लागो त्या अमरपणाला! ज्याला भाऊ मानून घरात झोपवलं, त्याला आपण नुसती एक वही होतो, हे बिसरामला तेव्हा कळलं.

आता कुळ दंड मागेल, बकरा घेईल, याची तो वाट पाहत होता. दंड भरला की माणूस परत पंगतीत बसतो. पण कोणी काही मागितलं नाही. पेरणीच्या आधी कुळातले पुरुष डोंगरात गेले आणि तिसऱ्या दिवशी परतले. देव हलवला होता. कुठे, ते काल मिसरूड फुटलेल्या पोरांनाही सांगितलं होतं. बिसरामला नाही.

पूजेच्या दिवशी तो कोंबडा काखेत घेऊन सगळ्यांच्या मागून निघाला. नाल्यापाशी सगळे थांबले. कोणी त्याला जा म्हणालं नाही, ये म्हणालं नाही. तो उभा आहे तोवर एकानेही पुढे पाऊल टाकलं नाही. शेवटी तोच मागे फिरला.

दारात रुख्माने कोंबड्याकडे पाहिलं. "काऊन, कापला नाही?"

"कोठी कापू?" बिसराम म्हणाला. "मले माह्या देवाचा रस्ता मालूम नाही."