सेटल झालेलं कार्ड

ग्रुपवरच्या सगळ्यांनी वाचा, दोन मिनिटं लागतील.

बीबी गावात माझं शिलाईचं दुकान आहे. पिको-फॉलच्या नवीन मशीनसाठी कर्ज मागायला आज सकाळी बँकेत गेले होते. साहेबांनी माझा क्रेडिट स्कोअर काढला आणि नकारार्थी मान हलवली.

"मॅडम, तुमच्या जुन्या क्रेडिट कार्डापुढे सेटल्ड लिहिलेलं आहे."

मी म्हटलं, "मंग चांगलंच हाये ना. सेटल झालं म्हणूनच तं आली मी."

आपल्याकडे पोरगं नोकरीला लागलं की सेटल झालं म्हणतात. भावाभावांचं भांडण मिटलं तरी सेटल झालं म्हणतात. मला दुसरा अर्थ माहीतच नव्हता.

साहेब म्हणाले, "सेटल्ड म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे भरले नाहीत, उरलेल्यावर कार्डाच्या बँकेनं पाणी सोडलं. तिथं क्लोज्ड पाहिजे होतं."

आमच्या यांच्या ऑपरेशनचा खर्च त्या कार्डावर केला होता. पुढे बिल थकलं. शेवटी मी सोन्याची पोत मोडली आणि पूर्ण पैसे भरायला निघाले. तेव्हा वसुलीवाला फोनवर म्हणाला, "ताई, एवढे काऊन भरता? थोडे कमी भरा, मी सेटल करून देतो." मी तेवढेच भरले आणि त्याला तोंडभरून आशीर्वाद दिला.

हा डाग वर्षानुवर्षं राहतो, हे त्याला चांगलं माहीत होतं. तरी शेवटपर्यंत तो मला ताईच म्हणत होता.

बँकेच्या भाषेत ताई या शब्दाचाही काही वेगळा अर्थ असतो का? कोणाला माहीत असेल तर सांगा.