मडक्यातला चुना

बायको जाऊन दीड वर्ष झालं आणि अविधवा नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. तिची देवासची भाची येणार होती. आमच्याकडे सवाष्णीला पुडीतलं कुंकू कधी लावलं नाही. हळदीत चुना कालवायचा, लाल झालं की लावायचं. चुनाही ती घरीच विरवायची. मडक्यात खडे टाकून पाणी ओतलं की विस्तवाशिवाय सगळं खदखदायचं. मी लांब उभा राहायचो. "अहो, या की जवळ, चावतंय का?" म्हणून हसायची.

शेवटच्या आठवड्यात तिचं एकच, "चुन्यावर पाणी ठेवत जा." मला वाटलं, तापात बरळते आहे. हो म्हटलं आणि विसरलो. खोटं कशाला लिहू.

नवमीला सकाळी मडकं उघडलं. पाणी पार आटलेलं, चुन्याचा दगड झालेला. पाणी ओतून वरचा थर कुसकरला, तर तसाच पांढरा, मऊ झाला. म्हटलं, सुटलो. हळद घातली. लाल होईना. मळकट पिवळं. आणखी चुना घातला, तरी तेच. मागे कोणीतरी उभं आहे असं वाटायला लागलं. तसं दीड वर्ष वाटतंच, पण त्या दिवशी वळून बघायची छाती झाली नाही.

नात सातवीत आहे. म्हणाली, "आजोबा, तो नुसता सुकला नाही. हवेनं त्याचा खडू झाला. ये केमिकल चेंज है, पानी डालने से वापस नहीं होता."

"मग कशानं होतो?"

"भट्टीत भाजावा लागतो."

भाजला की चुना परत चुना होतो. तिला भाजलं तर राख झाली, ती आम्ही क्षिप्रेत सोडली. नातीच्या पुस्तकात त्याच्या पुढचं काही नाही.

सून दारातून म्हणाली, "बाबा, पानवाल्याकडून चुना आणू का? देवासच्या ताई येऊन बसल्यासुद्धा."

"तिचाच पाहिजे."

बत्ता घेतला आणि तळाचा दगड फोडला. आतला गाभा अजून ओलसर होता, बोटाच्या चिरेला झोंबला. हरभऱ्याएवढा निघाला. हळदीत कालवला आणि बघता बघता सगळं लालभडक. एका टिकलीपुरतंच झालं. सुनेनं ते भाचीला लावलं. वाटीत काही उरलं नाही.

जेवणानंतर भाचीला देवास गेटच्या स्टँडवर बसमध्ये बसवून दिलं. ऊन कडक, बस खच्चून भरलेली. खिडकीत ते लाल कपाळ, आणि खाली हनुवटी थेट तिच्या मावशीची. बघवेना, आणि नजरही काढवेना. भाचीनं पर्समधून रुमाल काढला.

"पुसू नकोस!" मी ओरडलो.

बस सुरू झाली होती. "काय म्हणालात, काका?" म्हणत तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि मला हात केला.