बारदान्याच्या दुकानातलं रॉकेट

जुन्या जालन्यात आमचं बारदान्याचं दुकान आहे. धान्याची रिकामी पोती आमच्याकडे येतात. वडील एकेक पोतं उजेडाकडे धरून भोकं बघतात, शिवतात आणि पुन्हा भरायला पाठवतात.

गेल्या वर्षी मी त्यांना मोबाइलवर एक रॉकेट दाखवलं. वर जाऊन आलेलं ते रॉकेट सरळ उभं खाली उतरलं. मला वाटलं, थक्क होतील.

"बुडाला जळालंय," ते म्हणाले. "दुसऱ्या नंबरचा माल. पण अजून एक फेरा निघंल."

मला रागच आला. लोक मंगळावर राहायला निघालेत आणि हे भोकं शोधतात! तसं मी त्यांना सुनावलंही.

"मंग ती माणसं कधी परत येणार?"

"न्हाई येणार. तिथंच घरं बांधणार."

"म्हंजे पोतं परत, माल तिकडंच. बराबर हाय," म्हणून ते दाभणात सुतळी ओवू लागले.

त्याच आठवड्यात मी नोकरीसाठी जर्मनीला निघालो. दोनच वर्षांसाठी, असं सगळ्यांना सांगत होतो. वडिलांनी माझी नवी बॅग उचलली आणि शिवण ओढून पाहिली.

"बॅग येईल परत," ते म्हणाले.