जांभळे हत्ती

आमच्या घरी कोणी आत्याची चौकशी केली की बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "मजेत आहे. जांभळे हत्ती काढतेय." विचारणारा हसायचा, आम्हीही हसायचो आणि आत्याचा विषय तिथेच मिटायचा.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. दोऱ्यांच्या दुकानात तिने उभा जन्म काढला. शिंपी कापडाचा तुकडा घेऊन यायचे आणि ही त्याला जुळणारं रीळ काढून द्यायची. रिळावर दोरा असतो त्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून एक पदर सोडवून ती कापडावर आडवा टाकायची, दारात उजेडात जायची आणि डोळे बारीक करून बघायची. "हाच," असं तिने म्हटलं की शिंप्याने पैसे द्यायचे आणि निघायचं. वाद घालणाऱ्याला ती म्हणायची, "मग तुमच्या मनाने न्या आणि गिऱ्हाइकाची बोलणी खा."

पुढे पुढे मात्र रिळं परत यायला लागली. एका शिंप्याच्या काळ्या कोटाला निळा दोरा गेला. आत्याने त्यालाच चारचौघांत आंधळा ठरवलं, आणि मालकाने बसवलेल्या नव्या दिव्यांचा मनसोक्त उद्धार केला. मालक भला माणूस. तिला काही न बोलता त्याने बटणांच्या खणांकडे बसवलं. आत्या दुखावली ती दुखावलीच. एका संध्याकाळी किल्ल्या गल्ल्यावर ठेवून घरी आली, ती परत गेली नाही.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, आणि खिडकीत समोरच्या इमारतीची भिंत. त्या खिडकीला टेबल लावून ती रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढायला बसली. शिकली कुठे, कोण जाणे. पण चित्रं अशी की बघताना गाल दुखावेत. गोगलगाय बॅग ओढत फलाटावर येतेय आणि गार्ड तिच्यासाठी आख्खी गाडी थांबवून, शिट्टी तोंडात धरून उभा आहे. मगर दातांच्या डॉक्टरकडे आ करून बसलीय आणि डॉक्टर ससा तिच्या जबड्यात शिरून शेवटची दाढ घासतोय, अगदी बिनघोर. त्यात रंगांची धमाल. हत्ती जांभळे, मांजरं निळी, कावळेही निळेच. दर महिन्याला एक चित्र पोस्टाने यायचं. पाकिटात पत्र नसायचं. बाबा चित्र फ्रिजवर चिकटवायचे आणि फोन लावायचे.

फोन कसला, हजेरीच ती. "ताई, बरी आहेस ना? चित्र मिळालं. आम्हीपण मजेत. ठेवू?" कधी "येऊन जाऊ का?" म्हणालेच, तर पलीकडून "कशाला उगाच धावपळ" यायचं, आणि बाबा ते इतक्या पटकन मान्य करायचे की मला राग यायचा. एरवी कुठल्या गोष्टीत त्यांनी बहिणीचं ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

मग तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पिकलेला. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. बाबांचे गुडघे अशा वेळी हमखास दुखतात, म्हणून मी रजा टाकून गेले.

त्या खोलीत मी पहिल्यांदाच मुक्कामाला राहिले. खुर्ची एकच होती. दुसरी मागायला मी शेजारचं दार वाजवलं, तर शेजारीण म्हणाली, "त्या खोलीत राहतं का कोणी? मला वाटलं बंदच असते." आत्याने हे ऐकलं आणि रेडिओचा आवाज वाढवला. बातम्या देणाऱ्याशी तिचं रोजचं भांडण असायचं. "हो का? मग काल काय सांगत होतास?" असं ती त्याला विचारायची आणि उत्तरासाठी क्षणभर थांबायची. ते थांबणं मला बघवेना.

डोळ्यावरचं झाकण निघाल्यावर आम्ही दवाखान्यातून घरी आलो. मी चहा ठेवला. आत्या टेबलाशी गेली. तिथे अर्धवट राहिलेलं चित्र होतं. तिने एका डोळ्यावर तळहात ठेवून ते पाहिलं. मग दुसरा डोळा झाकून पाहिलं. मग परत पहिला. मला वाटलं, औषधाचे थेंब झोंबतायत.

"इकडे ये. हा हत्ती कुठल्या रंगाचा आहे?"

"जांभळा."

"आणि तुमच्याकडे आले ते?"

"सगळे जांभळेच. म्हणून तर मजा वाटते."

तिने पेन्सिलींचा डबा उघडला. जांभळी झिजून बोटाच्या पेरापेक्षाही लहान झालेली, पेनाच्या टोपणात खोचून वापरलेली. राखाडीला मात्र अजून टोकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"मी राखाडी हत्ती काढले होते," आत्या म्हणाली. "ऑपरेशन न झालेल्या या डोळ्याला अजूनही राखाडीच दिसतोय. आणि हे मांजर काळं आहे."

"ते निळं आहे, आत्या."

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "म्हणजे तो शिंपी खरं बोलत होता." आणि थोड्या वेळाने, "इतकी चित्रं पाठवली. तुमच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाई गं, हत्ती जांभळे का?"

"आम्हाला वाटलं, तू मजेत आहेस."

"मजेत!" ती हसली. तिने डब्याला झाकण लावलं आणि डबा कपाटावर, हात पोचणार नाही अशा जागी ढकलून दिला.

दुसऱ्या डोळ्याची तारीख द्यायला डॉक्टरीणबाईंनी फोन केला, तर हिने नकार दिला. मी समजावलं, चिडले, अबोला धरला. तिचं एकच. "हा राहू दे. या डोळ्याला माझी चित्रं मी काढली तशी दिसतात." माझी रजा संपली आणि मी निघाले. जिन्यात असतानाच वरून रेडिओ सुरू झालेला ऐकू आला.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असं होय! गंमतच आहे." मी ताटावरून उठले.

त्या महिन्यात चित्र आलं नाही. पुढच्याही महिन्यात नाही. बाबा जाता-येता पत्रांची पेटी उघडून बघायला लागले. विचारलं तर म्हणायचे, विजेचं बिल बघतोय. फोनवर आत्या म्हणाली, "पेन्सिली संपल्यात." मला माहीत होतं, डबा जवळजवळ भरलेला होता. त्या टेबलाशी दिवसभर बसायला तिच्याकडे एवढं एकच कारण होतं. तेही गेलं तर ती त्या समोरच्या भिंतीकडे बघत काय करत असेल?

आणि एक दिवस पाकीट आलं.

बागेतला सी-सॉ. खालच्या टोकावर हत्ती बसलाय, त्यामुळे दुसरं टोक वर हवेत गेलंय, रिकामं. त्या टोकाला शिडी टेकवून ठेवलीय, कोणाला यायचं असेल तर चढायला. हत्ती राखाडी. कुंपणावरचा कावळा काळा. ऊन फिकट, अगदी हलक्या हाताने फिरवलेलं. सगळे रंग जिथल्या तिथे.

बाबा ते चिकटवायला फ्रिजपाशी गेले आणि थबकले. त्यांनी वरची दोन-चार चित्रं बाजूला केली. खाली हेच चित्र होतं, केव्हातरी जुनं आलेलं. तोच सी-सॉ, तीच शिडी, जांभळा हत्ती. ते आलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. बाबांनी दोन्ही शेजारी लावली आणि बघत उभे राहिले. चहा निवला तरी हलले नाहीत.

"हिच्यासमोर कोणीच नाहीये गं," ते म्हणाले.

"तेव्हाही नव्हतं, बाबा."

त्यांनी फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो.

"ताई, चित्र मिळालं." त्यांनी परत फ्रिजकडे पाहिलं. "तुला बरं वाटत नाहीये का?"

"हत्ती राखाडीच असतात, छोट्या." साठी उलटलेल्या माझ्या बापाला ती अजून छोट्याच म्हणते.

"हत्तीचं नाही विचारत. तुझं विचारतोय."

पलीकडे रेडिओ चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"नाही रे," आत्या म्हणाली. "बरं नाही वाटत. फार एकटं वाटतं मला इथे. बरीच वर्षं झाली."

बाबा म्हणाले, "मी येऊ?"

मी मनातल्या मनात तिचं नेहमीचं उत्तर म्हणून टाकलं.

"ये," आत्या म्हणाली. "आजच ये."