आप्पांचा कालव्याचा रस्ता

गेटवरचे आप्पा कारखान्याच्या आवारात कधी पायताण घालून चालले नाहीत. कंपनीनं दिलेले काळे बूट हातात धरून ते अनवाणी फेरी मारायचे. सुपरवायझरनं हटकलं की म्हणायचे, "साहेब, हितं माझं खळं व्हतं. खळ्यात पायताण घालून कोण जातं?" सुपरवायझर शहरातला. तो कपाळावर हात मारून घ्यायचा.

वसमतजवळच्या आमच्या औद्योगिक वसाहतीचं ते पहिलं वर्ष. मुरुमाचे रस्ते, तारा नसलेले खांब, आणि इथं आता मोठं शहर होणार म्हणून टपरीवर रंगणाऱ्या गप्पा. आमचा हळद दळायचा कारखाना आप्पांच्याच रानात उभा राहिला. जमिनी द्यायला गाव कचरत होतं, तेव्हा घरटी एकाला काम मिळणार आहे, असं आप्पांनी दारोदार फिरून समजावलं होतं. त्यांना तसंच सांगण्यात आलं होतं, आणि त्यांनी ते खरं मानलं.

यंत्रं आली तशी ती चालवणारी माणसंही बाहेरून आली. त्यातलाच मी एक, पुसेगावचा, आयटीआय झालेला, गावात खोली करून राहणारा. गावातून घेतलं ते एकट्या आप्पांना.

तेव्हापासून आप्पा गावातल्या पारावरून जाईनात. सुट्टी झाली की कालव्याच्या कडेनं लांबचा फेरा घालून घर गाठायचे. एकदा जेवताना मी विचारलं, आप्पा, काहून एवढं चालता?

"पारावर बसून राहिलेल्या पोरांना काय तोंड दाखवू?" म्हणाले, आणि नेहमीसारखी अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. त्या पोरांना सांगितलेलं काम मीच तर करत होतो.

वर्ष पुरं झालं तेव्हा मालकांनी मांडव घातला. गावाला जेवण आणि आप्पांना शाल-नारळ. आप्पांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि माईकसमोर हात जोडले.

"मला सांगितलं तेच मी तुमाला सांगितलं. पर तुमच्या दारात मीच आलतो. माझं चुकलं."

मालकांनी घाईघाईनं टाळ्या वाजवल्या, मग आम्ही कारखान्यातल्यांनीही. त्या टाळ्या आठवल्या की आजही मान खाली जाते. तेवढ्यात म्हातारा सखाराम, आप्पांच्या शब्दावर सगळ्यात आधी जमीन दिलेला, मागून म्हणाला, "आप्पा, संध्याकाळी पारावर ये. लई दिस झाले."

त्याच आठवड्यात आप्पांनी बूट परत केले आणि काम सोडलं. आता रोज संध्याकाळी ते पारावर असतात, आणि त्यांचं हसणं लांबवर ऐकू येतं. कालव्याच्या रस्त्यानं हल्ली मी जातो.