इस्त्रीचं चित्र आणि पिशवीबाई

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. जिच्याबद्दल लिहायचं ती माझी आत्या म्हणाली, "माझ्यावर काय लिहितेस? त्यापेक्षा माळ्यावरचे खोके उतरव." पण या महिनाअखेर ती रिटायर होतेय आणि मला राहवत नाहीये, त्यामुळे खोके अजून माळ्यावरच आहेत.

तर आत्या. नोकरीच्या कागदावर ती 'भाषा साहाय्यक'. तिच्या वाट्याला चार सरकारी शाळा आणि काम एकच. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी नाही आणि शाळेत मात्र हजेरीपासून गणितापर्यंत सगळं इंग्रजीत, त्यांच्या शेजारी बसायचं. मुलं तिला 'पिशवीबाई' म्हणतात, कारण तिच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असते. पिशवीत खेळण्यातला फोन, चमचा, दोऱ्याचं रीळ, एक गुळगुळीत दगड आणि जाहिरातींच्या कागदांतून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली शंभरेक चित्रं.

चारपैकी एका शाळेत तिला जिन्याखालची खोली मिळाली होती. खोली कसली, कसरतीच्या सतरंज्या ठेवायची अडगळ. उभं राहिलं की डोक्याला जिना लागतो. तिथे एक टेबल, तीन बुटक्या खुर्च्या आणि आत्याचा एक नियम: पहिले तीन आठवडे कुठल्याही मुलाला 'बोल' म्हणायचं नाही. बोट दाखवू दे, चित्रांचा क्रम लावू दे, गप्प बसू दे. वर्गशिक्षिका चिडवायच्या, "तुमच्या खोलीत फारच शांतता असते हो! शिकवता की झोपवता?" आत्या म्हणायची, "कडधान्य भिजत घातलं की दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघता का?"

काही वर्षांपूर्वी एका बुधवारी सकाळी ती जिन्याखाली चित्रं लावून पाणी भरायला गेली. परत येते तर टेबलाशी एक मुलगी उभी. नऊ वर्षांची, चौथीतली, दोन घट्ट वेण्या. तिला सतरंजी आणायला पाठवलं होतं आणि ती चित्रांपाशीच अडकली होती. आत्याने शर्ट शिवायचा क्रम लावून ठेवला होता: कापड मापणं, कापणं, खांदे जोडणं, बाह्या, कॉलर, बटणं, शेवटी इस्त्री. मुलीने इस्त्रीचं चित्र शेवटून उचललं आणि खांद्यांनंतर ठेवलं. मग तेच उचलून बाह्यांनंतर. मग कॉलरनंतर. मग हैराण होऊन इकडेतिकडे बघायला लागली, कारण इस्त्रीचं चित्र एकच होतं.

आत्या आपल्या घरच्या भाषेत स्वतःशीच पुटपुटली, "अगं, इस्त्री शेवटी ना?"

"टीप मारली की लगेच इस्त्री करायची," मुलगी त्याच भाषेत म्हणाली. "नाहीतर पुढचं वाकडं जातं. बाबा म्हणतात." आणि सतरंजी घेऊन पळाली.

आत्या तिच्या वर्गावर गेली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "ती? ती बोलते? शक्यच नाही. सात महिन्यांत तोंड उघडलेलं नाही. विचारलं तर भिंतीकडे बघते. शुक्रवारी दहाला शाळेच्या समितीपुढे ठेवतोय तिला. गावाच्या दुसऱ्या टोकाला मंदगती मुलांची शाळा आहे, तिकडे पाठवायचं."

"पण माझ्या यादीत नाही ही."

"कशी असेल? फॉर्म बघा."

ऑफिसात फॉर्म बघितला. 'घरी बोलली जाणारी भाषा' या ओळीपुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: इंग्रजी. म्हणजे कागदाप्रमाणे मुलीला इंग्रजी येतं, तरी ती बोलत नाही, म्हणजे मुलीतच काहीतरी कमी. मुख्याध्यापिका बाई चांगल्या, पण नियमाला पक्क्या. "पालकाने सहीने बदललं तरच बदलतं. शुक्रवारी दहाच्या आत. तुम्ही तिचं बोलणं ऐकलंत, मान्य. पण समिती कागद बघते."

संध्याकाळी आत्या टेलरच्या दुकानात. दुकान म्हणजे एक शटर, दोन मशिनी, कापायचं टेबल आणि वाफेच्या इस्त्रीचा फुसफुस आवाज. मुलीचे वडील गळ्यात टेप टाकून पँट उसवत होते. त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "आमच्या घरी इंग्रजीच बोलतात, ताई."

"काय काय बोलता?"

"कम. ईट. स्लीप. नो." ते अभिमानाने म्हणाले. "पोरीशी आमची भाषा बंद केली. बायकोलाही सांगितलंय."

आत्याची जीभ म्हणजे कात्री. ती चालली, "एवढं तर लोक कुत्र्याशीही बोलतात, दादा."

टेलरने पँट खाली ठेवली. "गिऱ्हाईक असाल तर बोला. नाहीतर शटर त्या बाजूला आहे."

हे आत्याने मला सांगितलं तेव्हा स्वतःच्या गालावर हलकी चापट मारून घेतली. मुलांना तीन आठवडे 'बोल' न म्हणणारी बाई, आणि एका बापाला तीन मिनिटं दिली नाहीत! घरी येऊन जेवली नाही. आजी म्हणाली, "तोंडाने घालवलंस ना? आता पायाने जा."

गुरुवारी शाळा सुटल्यावर परत गेली. या वेळी हातात तिचा जुना कोट, अस्तर फाटलेलं. गिऱ्हाईक म्हणून. टेलरने कोट घेतला, अस्तर उलटंपालटं केलं. आत्याने घाई केली नाही. मग तिने पिशवीतून सात चित्रं काढून कापायच्या टेबलावर ठेवली. "चुकलंय माझं काहीतरी. जरा लावून द्याल?"

टेलरने एक नजर टाकली आणि हसू दाबलं. "हे कुणी शिकवलं तुम्हाला? इस्त्री काय फक्त शेवटी?" त्यांनी इस्त्रीचं चित्र उचललं, खांद्यांनंतर ठेवलं, बाह्यांनंतर ठेवलं, कॉलरनंतर ठेवलं आणि हैराण होऊन म्हणाले, "एकाच इस्त्रीत कसं भागेल?"

"काल तुमच्या मुलीने अगदी असंच केलं. आणि मला सांगितलं, टीप मारली की लगेच इस्त्री, नाहीतर पुढचं वाकडं जातं."

"सांगितलं? शाळेत?" टेलरचा हात चित्रावरच राहिला. "मला तर घरीसुद्धा काही सांगत नाही आताशा."

"कशात सांगेल? तिच्याकडे शब्द आहेत ते तुम्ही बंद केलेत, आणि दुसरे अजून आलेले नाहीत. काल बोलले त्याबद्दल माफ करा. पण उद्या दहाला तिला मंदगती म्हणून दुसऱ्या शाळेत पाठवताहेत."

टेलर स्टुलावर बसले. मग खरं बाहेर आलं. ते या गावात नवीन आले तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं की फॉर्मवर दुसरी भाषा लिहिली तर पोराला वेगळ्या खोलीत टाकतात आणि ते तिथेच राहतं. म्हणून लिहिलं इंग्रजी. आणि लिहिलंय म्हणून घरीही तेच बोलायचं, म्हणजे खोटं ठरायला नको. "आता बदललं तर म्हणतील, बाप खोटारडा. काढतील पोरीला."

"असे बदललेले एकोणीस फॉर्म माझ्या कपाटात आहेत. एकालाही काढलं नाही. आणि वेगळी खोली म्हणजे मीच, जिन्याखाली, आठवड्यातून चार तास. बाकी वेळ मूल आपल्या वर्गात."

"बघतो," ते म्हणाले. हो म्हणाले नाहीत.

शुक्रवारी पावणेदहा झाले तरी कुणी नाही. आत्या फाटकाशी उभी. दहाला पाच कमी असताना टेलर धावत आले. गळ्यात टेप तशीच, पाठीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. ऑफिसात उभ्यानेच 'इंग्रजी'वर एक सरळ रेघ मारली, वर घरच्या भाषेचं नाव लिहिलं, सही केली. मग मुख्याध्यापिकांना म्हणाले, "मॅडम, माझी टीप चुकली होती. उसवून परत मारली. पोरीला शिक्षा नको."

समितीने निर्णय थांबवला. दोन आठवड्यांनी मुलीची परीक्षा घरच्या भाषेत घेतली आणि तिने गणितात वर्गातल्या बहुतेकांना मागे टाकलं. मंदगती शाळेचा विषय तिथेच संपला. त्या रात्री तिच्या घरी जेवताना परत गप्पा सुरू झाल्या, असं टेलर सांगतात. आता गप्प बस म्हणावं लागतं, हेही सांगतात.

इंग्रजी यायला आणखी पाच महिने लागले. पहिलं पूर्ण वाक्य काय असेल? शेजारच्या मुलीने खोडरबर चोरला अशी तक्रार. वर्गशिक्षिका स्वतः जिन्याखाली सांगायला आल्या. "भिजलं हो तुमचं कडधान्य," म्हणाल्या.

आत्या त्यानंतर फॉर्मच्या मागे लागली. शिक्षण कार्यालयात चार वर्षं हेलपाटे. आज त्या ओळीखाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, सगळ्या भाषांत: 'इथे खरं लिहिल्याने मुलाचा वर्ग बदलत नाही.' आत्याचं नाव कुठेच नाही. ती म्हणते, नाव कशाला, अक्षर थोडं मोठं छापायला हवं होतं.

आणि हो, आता चित्रं सात नाहीत. इस्त्रीची तीन जास्तीची चित्रं त्या मुलीनेच काढून दिली.

महिनाअखेर जिन्याखाली फक्त सतरंज्या उरतील. तुम्हालाही कुणीतरी, कधीतरी, घाई न करता शेजारी बसू दिलं असेल. शिक्षक असेल, शेजारची काकू असेल, कुणी टेलरसुद्धा असेल. त्यांना भेटून या. मेसेज नको, फोन नको. जा, समोर बसा, आणि या आठवड्यातच जा.