दादाच्या पाठीचे दोन फोटो

"अरे, एखादा मणका सरकेल! अख्खी पाठ फासळ्यांसकट दोन बोटं खाली कशी उतरेल? विहिरीतली बादली आहे का ती?"

डॉक्टरसाहेब असे ओरडले की साकोलीच्या बसस्टँडवरची कुत्रीही भुंकायची थांबली. लाइन गेली होती, फोटो बघायचा दिवा बंद, म्हणून मी एक्स-रेचे दोन्ही फोटो एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला दाबून धरले होते. मागे लाकडी फळीवर माझा सख्खा मोठा भाऊ उताणा पडलेला, आणि शेजारी वहिनी.

दादा अड्याळला धानाच्या पुंजण्यावरून, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांच्या ढिगावरून, पडला. ते पुंजणं देवळाच्या कळसाएवढं होतं, असं मी आजवर चारचौघांत सांगत आलो. खरं तर पुरुषभर उंच, त्याहून वीतभर जास्त नसेल. पण पडला तो पाठीवर, आणि कमरेखाली सगळं मेलं. पहिला फोटो त्या दिवशीचा. दीड महिना फळीवर निजवून ठेवल्यावर दुसरा काढला. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: हाड सरकून नस दाबली गेली असेल, तर नागपूरला ऑपरेशन करून पाय परत येण्याची आशा आहे. हाड जागच्या जागी असेल, तर नसच तुटली समजायची, मग इलाज नाही. सरकलं का, ते फोटो जुळवून पाहायचं. आणि जुळवणारा मी.

मी साकोलीच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचो, आणि त्या काळी या कामात माझा हात धरणारा भंडारा जिल्ह्यात कुणी नव्हता. निदान मी तरी दुसऱ्या कुणाला विचारायला गेलो नव्हतो. माझी एक युक्ती होती. आमच्याकडचे लोक फोटोच्या वेळी सदरा काढतील, धोतर सोडतील, पण कमरेचा करदोडा काढणार नाहीत. तो तुटतो माणूस गेल्यावरच. त्याला ओवलेला चांदीचा ताईत फोटोत पांढराधोप उमटतो. मी ताईतावर ताईत ठेवायचो, की झाले फोटो जुळून! हाडांच्या कडा शोधत कोण बसतो?

दादाचेही तसेच जुळवले. ताईत ताईतावर बसला आणि खालचे मणके दोन बोटं हटलेले दिसले. मी तिथूनच ओरडलो, "वहिनी, सरकलं हो सरकलं! चला नागपूरले!" माझ्या आवाजाला असा आनंद फुटला होता की जणू पोरगा मॅट्रिक पास झाला. वहिनीनं लगेच गाठोडं बांधायला घेतलं. दादाही हसला, दीड महिन्यात पहिल्यांदा.

आणि तेवढ्यात साहेब आले, काचेवरचे फोटो पाहिले आणि ते बादलीचं ओरडले.

"ताईत जागचा हलला असेल," ते म्हणाले. "कमरेचं हाड धरून लाव."

"हलतो कसा साहेब? गाठ मारलेली आहे."

गाठोडं बांधता बांधता वहिनीचे हात थांबले. "भाऊजी, थो मीनंच वर चढवला जी," ती हळूच म्हणाली. "फळीवर निजून निजून दोरा काचून राहिला होता त्याहिले."

माझी युक्ती, माझी कीर्ती, सगळं त्या काचेवर चिकटून राहिलं. मी वरचा फोटो खाली ओढला. कमरेचं हाड कमरेच्या हाडावर आणलं. कोपर चौकटीला टेकवलं. मग एकेक मणका मोजत वर गेलो. एक बसला. दुसरा बसला. मोडलेला मणकासुद्धा आपल्या जुन्या सावलीवर नीट बसला. इतके सुरेख फोटो मी जन्मात जुळवले नव्हते. कुठे तरी कड चुकावी म्हणून मी तीनदा पुन्हा लावून पाहिले. मनातल्या मनात म्हटलं, अरे सरक रे, केसभर तरी सरक!

"काय झालं रे?" दादानं फळीवरून विचारलं.

"जाग्यावर आहे दादा. तसूभर नाही सरकलं."

आयुष्यात एवढं खरं मी क्वचितच बोललो असेन. वहिनी गाठोड्यावर हात ठेवून बसून राहिली. दादा मान उचलून आपल्या पावलांकडे बघत होता.

"मंग हे काहून नाही हलून राहिले?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी काचेवरचे दोन्ही फोटो उतरवले, सारखे केले आणि पाकिटात घातले.

"नस फोटोत दिसत नाही," ते म्हणाले.